झाळ दिसते, सांधा दिसत नाही

घरातल्या फ्रिजच्या मागे एकदा बॅटरी घेऊन वाकून बघा. खाली काळा, पोटफुगा कंप्रेसर असतो. त्यातून तांब्याच्या दोन-तीन नळ्या निघतात आणि जिथे एक नळी दुसरीत शिरते तिथे राखाडी-तांबूस रंगाचे एक बारीक कडे दिसते. ते कडे म्हणजे झाळ. कारखान्यात त्याला ब्रेझिंग म्हणतात. सायकलची फ्रेम जोडणारा गॅसवाला 'पितळ मारून देतो' म्हणतो. एका फ्रिजमध्ये असे मोजकेच सांधे असतात, पण त्यातला एक जरी पाझरला तरी आतला वायू निघून जातो आणि फ्रिजचे नुसते कपाट होते.

शहरात असे झाले तर आपण मेकॅनिकला फोन करतो, तो दोन दिवस लावतो, आपण चिडतो आणि विषय संपतो. पण तोच फ्रिज सिरोंचा तालुक्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात असेल आणि त्यात बालकांच्या लसी असतील तर? सिरोंचा हे गडचिरोली जिल्ह्याचे दक्षिणेचे टोक. प्राणहिता तिथे गोदावरीला मिळते. पलीकडच्या काठावर तेलंगणातले काळेश्वर. थोडे पुढे सोमनूरजवळ इंद्रावती येऊन मिळते, तिथे छत्तीसगडची हद्द लागते. जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि मध्ये आलापल्लीचे जंगल. लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. त्यापेक्षा गरम राहिल्या तर अनेक कुप्यांवरची खूण रंग बदलते आणि कुपी टाकून द्यावी लागते. लेकराला कडेवर घेऊन दहा-पंधरा किलोमीटर आलेल्या बाईला मग 'पुढच्या आठवड्यात या' असे सांगावे लागते. ती पुढच्या आठवड्यात येईलच, याची खात्री कोणी द्यायची?

अशा सांध्यांची तपासणी करणे हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय. या भाषणात मला एकच गोष्ट सांगायची आहे. झाळकाम जेव्हा आपण बाहेरून करून घेतो तेव्हा आपण सांधा विकत घेतो असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे सांधा करण्याची रीत विकत घ्यायला हवी. आणि ती रीत कशी असावी हे सांधा जिथे वापरला जाणार त्या गावावरून ठरवायला हवे.

आधी झाळ म्हणजे काय ते पाहू. वेल्डिंगमध्ये जोडायचे दोन्ही तुकडे कडेला वितळतात आणि एकमेकांत मिसळतात. झाळण्यात तसे होत नाही. जोडायचा धातू घनच राहतो. त्यापेक्षा लवकर वितळणारा दुसरा धातू मधल्या फटीत ओतला जातो. हा भरणीचा धातू ४५० अंश सेल्सिअसच्या वर वितळत असेल तर त्याला ब्रेझिंग म्हणायचे, खाली वितळत असेल तर सोल्डरिंग किंवा आपल्या भाषेत डाक लावणे. तांबे वितळते १०८५ अंशाला. तांब्याच्या नळ्या जोडायला जी तांबे-फॉस्फरस-चांदीची सळई वापरतात ती साधारण ६४५ अंशाला मऊ होऊ लागते आणि आठशेच्या आसपास पूर्ण पातळ होते. म्हणजे नळी शाबूत राहते आणि सळई मात्र पाण्यासारखी वाहते.

ती वाहते कुठे? फटीत. कंदिलाच्या वातीत तेल जसे आपोआप वर चढते तसा हा पातळ धातू अरुंद फटीत खेचला जातो. याला केशाकर्षण म्हणतात. पण त्यासाठी फट नेमकी हवी: एका मिलिमीटरचा विसावा ते आठवा भाग, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीच्या आसपास. फट फार रुंद झाली तर धातू मध्येच थांबतो, फार घट्ट झाली तर आत शिरतच नाही. पृष्ठभागावर तेल, मळ किंवा काळपट थर असला तरी तो चिकटत नाही. आणि या साऱ्याचा बाहेरून पत्ता लागत नाही. कड्याशी सुरेख गोल झाळ दिसते, पण आत दहा मिलिमीटर खोल जायला हवी होती ती दोनच मिलिमीटर गेलेली असू शकते.

आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. आजीच्या काळचा तांब्याचा हंडा किंवा बंब नीट पाहिला तर अंगावरून एक पिवळसर नागमोडी रेघ गेलेली दिसते. तांबट पत्र्याच्या कडांना दाते पाडीत, ते एकमेकांत अडकवून ठोकीत, वर टाकणखार आणि पितळेची भरड पसरीत आणि भट्टीत तापवीत. टाकणखार पृष्ठभाग साफ ठेवायचा, पितळ दात्यांत उतरायचे. पुण्याच्या तांबट आळीत हे चालायचे, पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या भंडाऱ्यातही धातूकामाची अशीच मोठी परंपरा. त्या व्यवहाराची एक सोय होती. हंडा गळला तर गिऱ्हाईक तो डोक्यावर घेऊन त्याच आळीत यायचे. करणारा, विकणारा आणि वापरणारा एकमेकांना ओळखत. कागदाची गरज पडत नव्हती.

आता तसे राहिलेले नाही. फ्रिज असो, दवाखान्यातली ऑक्सिजनची वाहिनी असो की वातानुकूलन यंत्र असो, नळी एका कारखान्याची, सळई दुसऱ्याची, नळ्या वाकवून झाळून देणारे छोटे वर्कशॉप तिसऱ्याचे, जुळणी चौथ्याकडे आणि प्रत्यक्ष जागेवर बसवणारा पोटठेकेदार पाचवा. खरेदीचा आदेश काढणारे कार्यालय जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या ठिकाणी, आणि यंत्र वापरणारी सिस्टर अंकिसा किंवा असरअल्लीकडच्या एखाद्या केंद्रात. या साखळीत कोणीच वाईट असण्याची गरज नाही. प्रत्येकाने आपापले काम 'नेहमीसारखे' केले तरी सांधा फसू शकतो, कारण शेवटच्या माणसाची गरज पहिल्या माणसापर्यंत पोचलेलीच नसते.

म्हणून पहिला प्रश्न: ग्राहक कोण? कागदोपत्री ग्राहक म्हणजे बिल देणारा. त्याची गरज विचारा, तो सांगेल, 'उत्तम दर्जाचे काम, मुदतीत, कमीत कमी दरात.' निविदेत हे वाक्य हमखास असते आणि झाळणाऱ्या कारागिराला त्याचा काडीचाही उपयोग नसतो. उत्तम म्हणजे किती? खरी गरज वापरणाऱ्याला विचारली तर ती अशी निघते: 'मे महिन्यात लाइट जाते-येते, तरी आतला काटा आठच्या वर जाऊ नये. ट्रकमधून उतरवल्या दिवशी चालू व्हावे. आणि बिघडलेच तर पावसाळ्यापूर्वी दुरुस्त व्हावे.' ही तीन साधी वाक्ये. यांचे रूपांतर सांध्याच्या भाषेत करणे हे खरेदी करणाऱ्याचे काम आहे.

ते कसे होते ते बघा. सिरोंच्याच्या बाजूला उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. फ्रिजमागच्या जाळीतला वायू खोलीपेक्षा गरम असावा लागतो, नाहीतर तो उष्णता बाहेर टाकणार कशी? आर-१३४ए नावाचा वायू अनेक यंत्रांत असतो. ४० अंशाला तो नळीत हवेच्या दाबाच्या सुमारे दहापट दाब देतो. ६० अंशाला तोच दाब जवळजवळ सतरापट होतो. थंड हवेच्या गावात आयुष्यभर टिकेल असा अर्धवट भरलेला सांधा इथे दोन उन्हाळ्यांत हात टेकू शकतो. म्हणजे दाबाची चाचणी घेताना इथला उन्हाळा धरायला हवा. लाइट वारंवार जाते-येते म्हणजे कंप्रेसर वारंवार झटका देत सुरू होतो, आणि तो झटका नळीच्या सांध्यावर येतो. खराब रस्त्यावरून शेकडो किलोमीटरचा प्रवास म्हणजे यंत्राची बसण्यापूर्वीच एक कठोर परीक्षा. तेव्हा दाब-चाचणी कारखान्यात एकदा आणि उतरवल्यावर एकदा, अशी दोनदा हवी. पावसाळ्यात हवा दमट. सांध्यावर फ्लक्सचे अवशेष राहिले तर ते ओलावा धरून धातू खातात, म्हणून सांधे धुऊन पुसून द्यायला हवेत. आणि गळतीची मर्यादा आकड्यात हवी. 'गळती नसावी' असे लिहिणे म्हणजे काहीच न लिहिणे. वर्षाला किती ग्रॅम वायू गेला तरी यंत्र चालेल, हे यंत्र बनवणाऱ्याला ठाऊक असते. तोच आकडा नळी झाळणाऱ्याच्या कागदावर उतरला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, 'एवढे कशाला? माल आला की तपासून घ्या.' झाळकामाची खरी गोम इथेच आहे. साबणाच्या फेसाने गळती तपासतात, त्यात आजची गळती कळते, उद्याची कळत नाही. फ्लक्स वितळून काचेसारखा घट्ट होतो आणि सुईच्या अग्राएवढे भोक बुजवून टाकतो. चाचणीत सांधा पास होतो. पुढे काही महिन्यांनी तो काचेसारखा थर तडकतो किंवा विरघळतो आणि गळती सुरू होते. जास्त तापवलेला सांधा, कमी भरलेला सांधा आणि चांगला सांधा हे तिघे टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर बाहेरून वेगळे ओळखता येतीलच असे नाही. नक्की कळायचे तर सांधा कापून बघावा लागतो, आणि कापलेला सांधा वापरता येत नाही.

शिक्क्यांच्या जगात याला 'विशेष प्रक्रिया' म्हणत आले आहेत. आयएसओ ९००१ या गुणवत्ता मानकाच्या २०१५च्या आवृत्तीत दोन गोष्टी आहेत. ज्या कामाचा परिणाम नंतर तपासून पडताळता येत नाही, त्या कामाची रीतच आधी सिद्ध करून घ्यायची. आणि बाहेरून करून घेतलेल्या कामाची जबाबदारी बाहेर जात नाही, ती तुमचीच राहते. विमान उद्योगात तर उष्णता देणे, वेल्डिंग, झाळणे अशा कामांसाठी १९९०पासून नॅडकॅप नावाची स्वतंत्र मान्यता पद्धत चालते. आपल्या नाशिकजवळच्या ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा लढाऊ विमानांचा कारखाना १९६४ साली सुरू झाला. अशा उद्योगाला भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपना हे सारे अंगवळणी पाडून घ्यावे लागते.

मग बाहेरच्या वर्कशॉपला नेमके काय विचारायचे? माझ्या मते चार गोष्टी: सळई, माणूस, रीत आणि बदल.

पहिली सळई. २ टक्के चांदीची, ५ टक्के चांदीची आणि १५ टक्के चांदीची सळई हातात घेतली तर नजरेने फरक कळणे कठीण. भावात मात्र मोठा फरक, आणि चांदी किलोला लाख रुपये ओलांडून गेल्यापासून स्वस्त सळईचा मोह वाढलेला आहे. स्वस्त सळई नेहमीच वाईट असते असेही नाही. तांब्याला तांबे जोडताना कमी चांदीची सळई अनेक ठिकाणी चालते, शिवाय तिच्यातला फॉस्फरस स्वतःच फ्लक्सचे काम करतो. पण हीच सळई पोलादाला लावली तर फॉस्फरस आणि लोखंड मिळून एक ठिसूळ थर तयार होतो. कंप्रेसरची नळी कित्येकदा पोलादी असते. तिथे फॉस्फरस नसलेली, जास्त चांदीची सळई आणि वेगळा फ्लक्स लागतो. एका वर्कशॉपकडून आलेल्या मालात मी हा प्रकार पाहिला आहे. जास्त चांदीच्या सळया संपल्या होत्या, माल मुदतीत द्यायचा होता, म्हणून कारागिराने हाताशी होती ती सळई सगळीकडे वापरली. झाळ सुरेख दिसत होती आणि दाब-चाचणीतही पास झाली होती. नळी हाताने थोडी वाकवली तेव्हा सांधा बिस्किटासारखा तुटला. त्या कारागिराला खोटेपणा करायचा नव्हता. पोलादाचा नियम त्याला कोणी सांगितलाच नव्हता. म्हणून सळईचा प्रकार आणि बॅच नंबर आदेशात लिहावा, आणि शक्य असेल तर सळई आपणच पुरवावी. आणखी एक: काही जुन्या चांदीच्या सळयांत कॅडमियम असते. त्याचा धूर फुप्फुसांना घातक. युरोपीय संघाने झाळसळयांतल्या कॅडमियमवर २०११ साली बंदी घातली. आपल्या आदेशातही 'कॅडमियमविरहित' हा शब्द असावा. ज्याच्या नाकात तो धूर जाणार, तो कारागीरही या साखळीतला माणूसच आहे.

दुसरी गोष्ट माणूस. झाळणाऱ्याची परीक्षा घेण्यासाठी आयएसओ १३५८५ हे स्वतंत्र मानक आहे. छोट्या वर्कशॉपला ते परवडले नाही तरी त्यामागची कल्पना परवडते. ज्या माणसाने काम करायचे त्याच माणसाकडून, त्याच नळीचे, त्याच सळईने चार-पाच सांधे करून घ्या आणि ते उभे चिरून बघा. झाळ आतपर्यंत गेली आहे का, मध्ये पोकळ्या आहेत का, हे साध्या भिंगानेही दिसते. चिरलेला एक तुकडा वर्कशॉपमध्ये, एक आपल्याकडे. पुढे वाद झाला तर बोट ठेवायला जागा राहते.

तिसरी रीत. तांबे हवेत तापवले की नळीच्या आत काळी पापुद्र्यासारखी राख धरते. फ्रिजमध्ये ही राख पुढे जाऊन केसासारख्या बारीक नळीत अडकते आणि थंडावा बंद होतो. ऑक्सिजनच्या वाहिनीत तर ती थेट रुग्णाच्या बाजूला जाऊ शकते. उपाय साधा आहे: झाळताना नळीतून नायट्रोजनची मंद धार सोडायची. पण नायट्रोजनचा सिलिंडर वाहून न्यावा लागतो, पैसे लागतात आणि तो वापरला की नाही हे बाहेरून दिसत नाही. दवाखान्यांच्या वायुवाहिन्यांसाठी ब्रिटनच्या आरोग्य खात्याची एचटीएम ०२-०१ ही नियमावली आहे. तीत आतून निष्क्रिय वायू सोडून झाळायला सांगितले आहे, आणि पूर्ण झालेल्या कामातले काही सांधे कापून आतून स्वच्छ आहेत का ते बघायलाही. हे कलम ठेकेदाराला आधी माहीत असले की बाकीचे सांधेही आपोआप नीट होतात. कुठला सांधा कापला जाईल हे त्याला ठाऊक नसते ना!

चौथी गोष्ट बदल. काम आणखी कोणाला द्यायचे, सळई बदलायची, नवा माणूस बसवायचा, भट्टी किंवा नोझल बदलायचे, तर आधी कळवायचे. लेखी एक ओळ पुरे. कळवल्याबद्दल दंड करायचा नाही. न कळवल्याबद्दल जरूर करायचा. हा फरक पुरवठादाराला पटला की तो अडचण लपवत नाही.

सांध्यात आणि कंत्राटांच्या साखळीत काय पणाला लागते हे महाराष्ट्राने पाहिलेले आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. तिथे झाळच निकामी झाली होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण टाकी, नळ्या, तोट्या, त्या बसवणारे आणि सांभाळणारे यांच्या मधल्या सांध्यांवर माणसांचे श्वास टांगलेले असतात हे त्या दिवशी साऱ्यांना कळले. करोनाच्या त्या दोन वर्षांत राज्यभर लहान-मोठ्या अनेक रुग्णालयांत तांब्याच्या वाहिन्या घाईने टाकल्या गेल्या. घाई समजण्यासारखी होती. त्या वाहिन्या आजही छताजवळून गेलेल्या आहेत. त्यांचे सांधे कोणी, कुठल्या सळईने, नायट्रोजन सोडून केले की न सोडता, याची नोंद प्रत्येक रुग्णालयाने शोधून ठेवावी, आणि नसेल तर निदान दाब-चाचणी करून घ्यावी, असे मला कळकळीने वाटते.

आता दुसरी बाजू. ग्राहकही चुकतो, आणि बरेचदा तोच आधी चुकतो. काही जण विमानाचे मानक जसेच्या तसे उतरवून कूलरच्या नळीला लावतात. सुपारी फोडायला घण कशाला? अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या झाळकामाच्या मानकांत सांध्यांच्या श्रेणी केलेल्या आहेत: सांध्यावर ताण किती येणार आणि तो तुटला तर परिणाम काय, यावरून श्रेणी ठरते. हाच विचार आपण घरगुती भाषेत करू शकतो. हा सांधा गेला तर जीव जाईल, काम थांबेल की नुसती गैरसोय होईल? पहिल्यासाठी पैसे मोजा, तिसऱ्यासाठी कारागिराला छळू नका.

काही ग्राहक नमुना पास करतात आणि मग भाव इतका पाडतात की त्या भावात तो नमुना पुन्हा होणे शक्यच नसते. नायट्रोजनचा खर्च, कापून टाकायच्या सांध्यांचा खर्च, सांधे धुण्याचा वेळ हे दरपत्रकात वेगळे दाखवले तर सगळ्यात कमी दर देणाऱ्याने काय गाळले ते निविदा उघडतानाच दिसते. बिले सहा-सहा महिने अडवणारे ग्राहकही मी पाहिले. ज्याचे पैसे अडकले तो पुढची सळई स्वस्तातली घेणार, याचे आश्चर्य वाटून घेऊ नये. औद्योगिक वसाहतीतले चार माणसांचे वर्कशॉप हे आपल्या साखळीतले सर्वांत नाजूक कडे असते. त्याला वर्षातून दोनदा भेट द्यावी, चहा घ्यावा, कचऱ्याच्या डब्यात कुठल्या सळईची थोटके पडली आहेत ते बघावे. फायलीत न सापडणारे पुष्कळ काही त्या डब्यात सापडते.

सिरोंच्यासारख्या गावासाठी आणखी दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, जागेवर करायचे सांधे कमीत कमी ठेवा. नळीचे लांब तुकडे कारखान्यात नीट झाळून, तपासून आणावेत आणि गावात दोन-चारच सांधे करावे लागतील अशी आखणी करावी. कारखान्यात प्रकाश, नायट्रोजन आणि तपासणारा असतो. आरोग्य केंद्राच्या मागच्या व्हरांड्यात दुपारच्या वाऱ्यात ज्योतसुद्धा स्थिर राहत नाही.

दुसरी, दुरुस्ती करणारा माणूस जवळचा हवा. जुलै २०२२च्या पुराने सिरोंचा तालुक्यातली गावे वेढली होती. अशा दिवसांत नागपूरहून तंत्रज्ञ येईल ही आशा व्यर्थ. नद्यांवर पूल झाल्यापासून तेलंगणातले मंचेरियाल सिरोंच्याला गडचिरोलीपेक्षा जवळ पडते. गॅसचा सिलिंडर असो की सुटा भाग, माणसे तिकडूनही आणतात आणि त्यात गैर काही नाही. फक्त तिकडच्या पुरवठादारालाही तोच कागद द्या, आणि तो त्याला वाचता येईल असा द्या. या भागात घरोघरी तेलुगू बोलतात, गावांत गोंडी आणि माडिया ऐकू येते. सूचना इंग्रजीत छापून यंत्राला चिकटवल्या की आपले कर्तव्य संपत नाही. कुठला सांधा कुठल्या सळईने जोडायचा याचे रंगीत चित्र, खाली मराठी आणि तेलुगूत दोन ओळी, एवढे पुरते. आयटीआयमधून बाहेर पडलेल्या स्थानिक मुलांतून दोघांना सहा-सात दिवस नीट शिकवले, सोबत योग्य सळया, फ्लक्स आणि नायट्रोजनचा लहान सिलिंडर दिला, तर दोनशे किलोमीटरचे अंतर बरेच कमी होते. त्यांना एक ताकीद मात्र पक्की द्यावी लागेल. नव्या अनेक फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू असतो. यंत्रावरची पाटी वाचल्याशिवाय आणि वायू मोकळ्या जागी पूर्ण काढल्याशिवाय ज्योत पेटवायची नाही.

तुम्ही म्हणाल, हे सारे कारखान्यांचे आणि सरकारी खात्यांचे. आमचा काय संबंध? घरी एसी बसवताना तुम्हीही बाहेरचा पुरवठादार नेमत असता. नळी वाढवताना मेकॅनिकने सांधा झाळला तर त्याला तीन प्रश्न विचारा: सळई कुठली? नायट्रोजन आणलाय का? दाब भरून किती वेळ ठेवणार? तो हसला तरी हसू द्या. दोन-चार घरी हेच प्रश्न ऐकले की पाचव्या घरी तो सिलिंडर घेऊन येईल. दर्जा असाच चढत जातो, मागणाऱ्याने नेमके मागितले की.

सिरोंच्याच्या सिस्टरला मात्र हे प्रश्न विचारण्याची सोय नसते. यंत्र तिच्याकडे खोक्यात बंद होऊन येते, सांधे आधीच कुठेतरी झालेले असतात. तिच्या वतीने ते प्रश्न आदेश काढणाऱ्याने विचारायचे आहेत, आणि आदेशाच्या कागदावर मे महिन्याचे ऊन, जाणारी लाइट आणि आलापल्लीपुढचा रस्ता हे तिन्ही आकड्यांत लिहायचे आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)